मूळपुरुषाने रिकामी ठेवलेली चरवी

"उद्या सकाळपर्यंत कुरण मोकळं करा!"

राजा धवलसेन भर उन्हात नदी ओलांडून टेकडीवरच्या धनगरवाडीत येऊन ठेपला होता. सोबत शिपाई, रोवायला झेंडा आणि लाल फडक्यातली पोथी छातीशी धरलेले शास्त्रीबुवा.

"पण महाराज, शेळ्या न्यायच्या कुठं?" म्हाताऱ्या हैबतीने हात जोडले. "बापजाद्यांपासून इथंच चरतात."

"बापजादे आम्हालाही आहेत! वाचा, शास्त्रीबुवा!"

बुवांनी घसा खाकरला. "मूळपुरुष या टेकडीवर आला, तहानेने व्याकूळ झाला. एका धनगरणीने चरवीभर दूध दिले. ते पिऊन, आशीर्वाद देऊन तो पुढे गेला."

"ऐकलंत? आमच्या मूळपुरुषाचं पाऊल इथे लागलं, म्हणजे जमीन आमची! पटत नसेल तर आणा या पोथीहून जुना साक्षीदार!"

हैबतीची नवी सून भागू दाराआड उभी होती. नव्या सुनेने बोलायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं. आणि भागू फार नीट ऐकत असे. तिने चरवी भरली, पदर सावरला आणि राजापुढे धरली. घामाघूम राजाने ती एका दमात रिकामी केली.

"महाराज, आता आमचं घर तुमचं झालं का?"

"छे! दूध प्यायल्याने घर कसं होईल?"

"मग कुरण कसं झालं?"

"पोथीत लिहिलंय!"

"पोथी खरीच हो! पण मूळपुरुष आले तेव्हा दूध देणारी धनगरीण इथं आधीपासून होती ना? तिच्या शेळ्या काय आभाळातून पडल्या? हाच की पोथीहून जुना साक्षीदार! तुम्हीच घेऊन आलात."

शास्त्रीबुवा घाईघाईने पानं चाळू लागले.

"बुवा, तेवढं एक बघा," भागू हळूच म्हणाली. "कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात. मूळपुरुषांनी चरवीत काही घालून दिल्याचं लिहिलंय का?"

"ना... नाही."

हैबतीने डोळे गच्च मिटले. झालं, आता सुनेचं काही खरं नाही!

राजा हातातल्या रिकाम्या चरवीत डोकावला. मग असा खदखदून हसला, की कुरणातल्या शेळ्या बिचकल्या! गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्याने चरवीत टाकला.

"घे पोरी, आमच्या मूळपुरुषाकडून! जरा उशीर झाला. अरे, झेंडा उचला! आणि शास्त्रीबुवा, पोथी बांधा आधी. आणखी एक पान वाचलंत, तर ही आमचा राजवाडा मागेल!"