खरबा आणि आंधळी कोळंबी

फार फार वर्षांपूर्वी, एका उबदार समुद्राच्या तळाशी, वाळूतल्या बिळात दोघं राहायचे. एक बोटाएवढा खरबा मासा आणि एक आंधळी कोळंबी.

कोळंबी दिवसभर बीळ उकरायची, वाळू बाहेर लोटायची. खरबा दाराशी पहारा द्यायचा. ती बाहेर आली की तिची लांब मिशी खरब्याच्या शेपटीवर टेकलेली असायची. शेपटी थरथरली की समजायचं संकट, आणि दोघंही सुळकन आत. असा त्यांचा रिवाज होता.

पण खरब्याचा जीव बिळात कुठला रमायला! डोक्यावरून चंदेरी माशांचे थवे खोल निळ्या पाण्याकडे जात, आणि तो मान वर करून बघत राही.

"अक्का, पलीकडे काय असेल गं?"

"आंधळीला काय विचारतोस मेल्या?" ती हसायची. "जावंसं वाटलं तर जा की खुशाल. फक्त सांगून जा. तू येईपर्यंत मी दार बुजवून आत बसेन."

नेमकं सांगणंच त्याला जमेना. अक्काचा चेहरा पडेल, आपलाही पाय निघणार नाही. माशाला कुठले पाय, असं म्हणू नका. मन गुंतलं की सगळ्यांचेच पाय अडतात.

मग एके सकाळी या शहाण्याने काय करावं? शेवाळाची एक पट्टी हळूच तिच्या मिशीखाली सरकवली आणि निघाला!

निळं पाणी खरंच सुंदर होतं हो. थवा मात्र आपल्याच तंद्रीत. त्याला कोणी ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. दुपार होईतो त्याला आपली शेपटी रिकामी रिकामी वाटू लागली. अक्काची इतकी आठवण आली, की त्याला रडूच फुटलं. तो जीव तोडून परत फिरला.

बिळापाशी शेजारचा खेकडा एकटाच उभा होता.

"अक्का कुठंय?"

"मोठा मासा आला रे," खेकडा म्हणाला. "मी ओरडलो, आत पळ! तर म्हणाली, खरबा आहे ना राखणीला, त्याची शेपटी कुठे हललीय अजून."

खरबा रिकाम्या बिळाच्या दाराशीच बसून राहिला. पुढे बीळ बुजून गेलं. थवे वरून जातच राहिले, पण त्याने कधी मान वर केली नाही. त्याला आता फक्त अक्का हवी होती, आणि ती कुठल्याच पाण्यात सापडणार नव्हती.

तेव्हा पोरांनो, आणि थोरांनो तुम्हीसुद्धा ध्यानात ठेवा: जायचं असेल तर जरूर जावं, पण जो आपल्या भरवशावर आहे त्याला सांगून जावं.