गाडीत बसलेली हेमलता

"...पण दोन्हींतला बरोबर कोणता, एवढंच सांगा, आई."

दिगंबर सोनटक्के पाटबंधारे खात्यातले मोठे इंजिनिअर. मांजरा नदीकाठच्या मठात भागीरथीआईंकडे वीस वर्षं येत होते. पण विचारायला कधीच नाही. आपला प्रश्न आपणच सोडवायचा आणि उत्तर आईंना ऐकवायचं, ही त्यांची रीत. आज मांडीवर जाडजूड फाइल होती आणि उत्तर नव्हतं.

त्यांच्या पत्नीला, हेमलताबाईंना, स्तनाचा कॅन्सर निघाला होता.

"एक डॉक्टर म्हणतात, पूर्ण स्तन काढा. दुसरे म्हणतात, नुसती गाठ काढू, मग पाच आठवडे रेडिएशन. गुण सारखाच येईल, असंही दोघं सांगतात. तीन आठवडे वाचतोय मी. निकाल लागत नाही."

आई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"हेमलता काय म्हणते?"

"तिला कुठं माहीत आहे? साधी गाठ आहे, एवढंच सांगितलंय. घाबरून जाईल हो..."

"आत्ता कुठं आहे ती?"

"बाहेर. गाडीत."

आईंनी सूप बाजूला सारलं. फाइल उचलली. काठी टेकत फाटकापर्यंत गेल्या, गाडीचं दार उघडलं आणि फाइल हेमलताबाईंच्या मांडीवर ठेवली.

"आई, नको!" दिगंबर मागून धावत आले.

हेमलताबाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही.

"वाचलीय मी," त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

"...मग बोलली का नाहीस?"

"तुमचं जेवण सुटलं, झोप उडाली. म्हटलं, मला कळलंय हे समजलं तर पुरतेच कोसळाल."

दिगंबरांनी गाडीच्या दाराला धरलं.

"पूर्ण काढून टाकायचं," हेमलताबाई म्हणाल्या. "रेडिएशनसाठी पाच आठवडे परक्या शहरात राहायचं माझ्यानं नाही व्हायचं. मी कधीच ठरवलंय, अहो. कुणी विचारतंय का, याची वाट बघत होते."

दिगंबर इस्त्रीच्या पँटीनिशी तिथंच मातीत बसले आणि हमसून हमसून रडले. हेमलताबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याही रडल्या. आणि मग, कशानं कोण जाणे, दोघांनाही हसू फुटलं.

त्या दुपारी मठात दोघं पोटभर जेवले.

ऑपरेशन झालं. केमो झाली. केस गेले, पुन्हा आले.

वर्षानं दोघं मठात आले. रिपोर्ट चांगला होता. हेमलताबाई पाय धुवायला नदीवर उतरल्या, तेव्हा दिगंबर हळूच म्हणाले,

"सुटलो, आई. पण दर तपासणीच्या आधी अजून रात्रभर जागा असतो. ही भीती कशी घालवू?"

आईंनी काठीनं नदीकडे, हेमलताबाईंकडे दाखवलं.

"घालवू नकोस. तिला सांग."