प्रदर्शनाचे मांडव

फार पूर्वी जंगलातले प्राणी-पक्षी आपापली कारागिरी मांडायला दरवर्षी एका माळावर जमत, तेव्हाची ही गोष्ट. प्रत्येकाला हिरव्या फांद्यांचा नवाकोरा मांडव लागे. पाच दिवस प्रदर्शन चाले, मग सगळे घरी जात.

एका वर्षी शेकरूला प्रश्न पडला, या मांडवांचं पुढे काय होतं? म्हणून ती मागे थांबली. वाऱ्याने मांडव कोसळले आणि उतारावरून ओढ्यात गेले. पाला कुजला, पाणी काळं पडलं, मासे वर येऊन तडफडू लागले.

ती प्रदर्शनाच्या प्रमुखाकडे, धनेशाकडे धावली. "धनेशदादा, पुढच्या वर्षी वाळलेल्या बांबूंचे मांडव वेलींनी बांधू. नंतर सोडून गुहेत ठेवू आणि दरवर्षी तेच वापरू."

"जुन्या मांडवात कोण येईल गं?"

"आधी ओढ्यावर तर चला."

धनेशाने तडफडणारे मासे पाहिले. मग म्हणाला, "करून बघ. पण पाहुणे फिरकले नाहीत, तर जाब तुला द्यावा लागेल."

पुढल्या वर्षी बांबूंचे मांडव उभारून शेकरू पाहुण्यांची वाट पाहत बसली. पाहुणे आले, सुगरणीचे खोपे आणि कोळ्याची जाळी पाहण्यात रमले. मांडवांकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

शेवटच्या दिवशी मात्र शेकरू गाठी सोडू लागली, तशी गर्दी तिथेच थबकली. एवढा मांडव न मोडता उतरतो तरी कसा, हे प्रत्येकाला बघायचं होतं. सगळ्यांना बाजूला सारत धनेश पुढे आला आणि त्याने वेलीचं टोक पायात धरलं.

"शेकरू, ही गाठ कुठून सोडायची?"