महापौर आणि शिळं पाणी

सोनतळ नावाचं एक भलं मोठं शहर होतं. खाली दाट पेठा, वर टेकडी, टेकडीवर नवी वस्ती. तिथला महापौर थेट लोकच निवडत. दिनकरराव हुलावळे महापौर होतेच, आता पुन्हा उभे होते.

पेठा त्यांच्या हक्काच्या. अडचण टेकडीची. तिथल्या नळांना पाणीच चढत नव्हतं. वस्तीच्या तोंडाशी लोकांनी पाटी लावली होती, ‘आधी पाणी, मग मत.’

दिनकररावांचा प्रचार बघणारे सदूभाऊ हुशार गृहस्थ. ते म्हणाले, “साहेब, तलावात उन्हाळ्यासाठी राखलेलं पाणी आहे ना, ते सोडा. मतदानापर्यंत टेकडीवर नळ धो धो वाहू देत. पुढचं पुढे.”

“आणि वैशाखात काय, लोकांना माझा फोटो पाजू?” दिनकरराव म्हणाले.

पण दुसरा उपाय दिनकररावांकडेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते भल्या सकाळी पेठेत मतं मागायला निघाले. पेठेत एक दिवसाआड पाणी येई. नळ यायला अजून अवकाश होता, तरी गटार तुडुंब वाहत होतं. दिनकरराव थबकले. तेवढ्यात समोरच्या घरातून गोदाक्का पाटसकर बाहेर आल्या आणि त्यांनी अर्धं पिंप पायरीवरून ओतून दिलं.

“अहो, हे काय?”

“शिळं पाणी, साहेब. ताजं येईल ना आता.”

दिनकररावांनी दारोदार विचारलं. सगळीकडे तीच तऱ्हा. परवाचं ओतायचं, आजचं भरायचं. घरी येऊन बघतात तर त्यांच्याच मोरीत पिंप पालथं घातलेलं! टेकडीचं पाणी जात कुठे होतं, ते त्यांना कळलं.

“सभेत सांगतो,” ते म्हणाले.

सदूभाऊंनी हात जोडले. “साहेब, नका. पेठेतल्या लोकांना ‘तुम्ही पाणी वाया घालवता’ असं म्हणालात, तर ते पिंपाआधी आपल्यालाच ओतून देतील.”

त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. माझ्या ओळखीचा एक कापडवाला होता. नवं लुगडं बघताना गिऱ्हाईक आधीच्याचा रंग गेला म्हणालं की सांगायचा, “ताई, धुताना तुम्ही सोडा फार घालता, म्हणून रंग जातो.” निम्मी गिऱ्हाइकं तिथल्या तिथे फणकारून उठत. चूक तुमची आहे, हे म्हणायला दुकानात छाती लागते. निवडणुकीत तर त्याहून मोठी.

दिनकरराव सभेत बोललेच. गोदाक्का तिथेच उठल्या.

“रोज ताजं भरावं, हे आम्हाला सासूबाईंनी शिकवलं. तुम्ही कोण आलात मोठे?”

“सासूबाईंच्या काळी आड होता, गोदाक्का. आता नळाला तलावाचं पाणी येतं. तुमच्या पिंपातलं परवाचं. तलावातलं गेल्या पावसाळ्याचं. सांगा बरं, जास्त शिळं कोणतं?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. गोदाक्का लालबुंद झाल्या.

“झाकून ठेवा, गाळून प्या,” दिनकरराव म्हणाले. “मला मत देऊ नका हवं तर. पण ओतू नका.”

विरोधी उमेदवार बापूसाहेब निंबळे यांना आयतंच सापडलं. “महापौर आता तुमच्या मोऱ्या तपासायला निघालेत हो!” पेठ पोट धरून हसली.

हसली खरी, पण पुढच्या पाण्याच्या दिवशी गोदाक्का पिंपाशी घुटमळल्या. वास घेतला. घोटभर पिऊन बघितलं. मग कुणी बघत नाही ना ते पाहून वरची रिकामी जागा तेवढी भरली आणि नळ बंद केला. तसंच घरोघरी झालं. कोणी कबूल केलं नाही, इतकंच.

खालचे नळ लवकर बंद झाले आणि टेकडीवरचे आधी फुसफुसले, मग खोकले, मग वाहू लागले. तिथल्या लोकांनी पाटी उतरवली. तलावातलं राखीव पाणी जागच्या जागी राहिलं.

मतमोजणीत आधी पेठांच्या पेट्या उघडल्या. दिनकरराव मागे, चांगलेच मागे. सदूभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. मग टेकडीच्या पेट्या आल्या. त्या मोजून होता होता दिनकरराव बरोबरीला आले आणि शेवटच्या पेटीत थोडक्यात पुढे निघाले. त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारचा शिपाई दचकला.

संध्याकाळी गोदाक्का पेढे घेऊन आल्या.

“मत काही तुम्हाला दिलं नाही हं. भर सभेत लाजवलंत मला.”

“आणि पिंप?”

“ते नाही ओतलं.”

“मग झालं तर!” म्हणत दिनकररावांनी पेढा तोंडात टाकला. त्या वर्षी वैशाखातही सोनतळचे नळ चालू राहिले, पेठेत आणि टेकडीवरही.

तात्पर्य: मतं मागताना जो आपल्याच मतदारांना त्यांची चूक तोंडावर सांगतो, त्याच्या हाती शहर निर्धास्तपणे द्यावं; खुर्ची टिकवण्यासाठी तो लोकांचं उद्याचं पाणी आज उधळणार नाही.