चावडीपुढून न जाणारी वाट

एकदा एका तरुण अधिकाऱ्याकडे तालुक्यातल्या मतदान केंद्रांच्या हद्दी ठरवण्याचे काम आले. माळावरच्या वस्तीत मतदार थोडे, म्हणून तिथल्या शाळेतले केंद्र बंद करून त्याने कागदावर ती वस्ती गावच्या चावडीतल्या केंद्राला जोडली. नकाशावर अंतर क्षुल्लक होते आणि अधिकारही त्याचाच होता. तरी सही करायला मन धजेना. संध्याकाळपर्यंत कागद वर पाठवायचा होता. अखेर तो आपल्या वृद्ध गुरुजींना घेऊन वस्तीवर गेला.

गुरुजींनी नकाशाकडे पाहिलेही नाही. "चल, चावडीपर्यंत चालू," एवढेच म्हणाले. चावडी समोर दिसू लागली, तोच ते सडक सोडून बांधावर उतरले. पुढे बाभळीचे काटे, मग ओढ्यातला चिखल. शिष्य घड्याळ पाहून कासावीस झाला. एवढ्या शहाण्या माणसाला आज झाले तरी काय, हे त्याला कळेना.

ओढ्यात डोक्यावर भारा घेतलेली एक बाई भेटली. गुरुजींनी विचारले, "बाई, सडक सोडून इकडून का?"

"सडक चावडीम्होरनं जाती, गुरुजी. तिथं पारावर बाप्ये बसलेले. पायताण हातात घिऊन, मान खाली घालून जावं लागतंय. त्यापरीस ह्यो चिखल बरा. माझी सासूबी हितनंच जायाची."

"आणि मताला?"

"ते आमच्या शाळंतच की. दारात." ती हसून पुढे गेली.

हिचे मत आपण एका सहीने बुडवणार होतो, या विचाराने शिष्य हादरला.

गुरुजी म्हणाले, "तुझे मोजमाप अचूक आहे, बाळा. पण तुला त्या चावडीत खुर्ची मिळते, म्हणून ती तुला जवळ वाटते. हिला कोणी मनाई केली नसती. ती आपणहून घरी राहिली असती, आणि दोष तिच्याच आळसाला लागला असता."

"वरचे विचारतील, एवढ्याशा वस्तीला वेगळे केंद्र कशाला?"

"विचारतील. त्यांनाही याच वाटेने आण."

शिष्याने चिखलात उभ्या उभ्याच वस्तीचे केंद्र पूर्ववत लिहिले. तरीही तो हलेना.

"गुरुजी, शेजारच्या गावांच्या हद्दींवर मी सकाळीच सही केली आहे. तिकडे मी गेलोसुद्धा नव्हतो."

गुरुजींनी धोतराचा सोगा वर खोचला. "संध्याकाळ व्हायची आहे अजून," ते म्हणाले. "चल."