उसनी शेंग

सन दोन हजार सोळा. पौष महिना. थंडी कडक. द्राक्षं अजून आंबट.

हौसाक्काचा एक छोटा ट्रॅक्टर होता. निळा. त्याच्या मागे रोटर होता. रोटर म्हणजे माती भुसभुशीत करायचं यंत्र. त्याला वाकडी पाती असतात. हात लावायचा नाही.

ट्रॅक्टर बहिणीच्या बागेत न्यायचा होता. बाग लांब होती. म्हणून दस्तगीरचाचा जीप घेऊन आले. जीपच्या मागे ट्रॉली होती. दिवाळीत याच ट्रॉलीतून शेंगांची पोती गेली होती.

ट्रॅक्टर ट्रॉलीवर चढला. घर्र, घर्र. हँडब्रेक लावला. त्याच्या चाकांना ठोकळे लावले. वरून साखळी टाकली.

ट्रॉली उभी होती, तिथं खाली एक बीळ होतं. ट्रॉलीचं चाक नेमकं बिळाच्या तोंडावर होतं. ते कुणी बघितलं नाही.

बीळ होतं बारकी नावाच्या उंदरिणीचं. आत तिचं पिल्लू होतं. पिल्लाला भूक लागली होती. बारकी म्हणाली होती, "शेंग आणते."

बारकी शेंग घेऊन आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बघते तर दार नाही. दारावर चाक.

आतून आवाज आला, "आई, शेंग?"

"थांब," बारकी म्हणाली.

तिनं शेंग खाली ठेवली. तोंडात शेंग असली की बोलता येत नाही.

"चाकदादा, चाकदादा, बाजूला हो.
दार उघडेना,
पिल्लू आत, मी बाहेर."

चाक म्हणालं, "मी आपण होऊन हलत नाही. जीप ओढेल, तेव्हा हलेन."

शेंग उचलली. तुरुतुरु, तुरुतुरु. जीपपाशी गेली. शेंग खाली ठेवली.

"जीपताई, जीपताई, ट्रॉली ओढ.
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू आत, मी बाहेर."

जीप म्हणाली, "किल्लीशिवाय मी नुसतं पत्र्याचं खोकं. चाचा किल्ली फिरवतील, तेव्हा ओढेन."

शेंग उचलली. तुरुतुरु, तुरुतुरु. चाचांपाशी गेली. चाचा चहा पीत होते. शेंग खाली ठेवली.

"दस्तगीरचाचा, दस्तगीरचाचा, किल्ली फिरवा.
जीप ओढेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू आत, मी बाहेर."

चाचा म्हणाले, "नाय गं पोरी. साखळी ढिली आहे. असाच निघालो, तर चढाला ट्रॅक्टर मागं पळेल. आणि उताराला माझ्या मांडीवर येऊन बसेल. साखळी ताठ होईल, तेव्हा फिरवेन."

आणि फुर्र करून चहा प्याले.

शेंग उचलली. तुरुतुरु, तुरुतुरु. साखळीपाशी गेली. शेंग खाली ठेवली.

"साखळीबाई, साखळीबाई, ताठ व्हा.
चाचा किल्ली फिरवेनात,
जीप ओढेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू आत, मी बाहेर."

साखळी म्हणाली, "कशी होऊ? रोटर वर लटकतोय. मी आत्ता ताठ झाले आणि तो वाटेत खाली आला, की मी पुन्हा ढिली. रोटर खाली बसेल, तेव्हा ताठ होईन."

ट्रॅक्टर काही बोलला नाही. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शेंग उचलली. तुरुतुरु, तुरुतुरु. रोटरपाशी गेली. लांब उभी राहिली. पाती असतात. शेंग खाली ठेवली.

"रोटरराव, रोटरराव, खाली बसा.
साखळी ताठ होईना,
चाचा किल्ली फिरवेनात,
जीप ओढेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू आत, मी बाहेर."

रोटर म्हणाला, "माझं बूड ट्रॉलीच्या बाहेर राहतं. बघ."

बारकीनं बघितलं. राहत होतं.

"बाहेर राहिलेल्या बुडाला लाल फडकं बांधतात. मागच्या गाडीला दिसायला हवं. हौसाक्का फडकं बांधेल, तेव्हा बसेन. उघडा मी बसणार नाही."

शेंग उचलली. तुरुतुरु, तुरुतुरु. हौसाक्कापाशी गेली. हौसाक्का सीटखाली बघत होती. पिंपामागं बघत होती. शेंग खाली ठेवली.

"हौसाक्का, हौसाक्का, फडकं बांध.
रोटर खाली बसेना,
साखळी ताठ होईना,
चाचा किल्ली फिरवेनात,
जीप ओढेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू आत, मी बाहेर."

हौसाक्का म्हणाली, "अगं बये, बांधायला हातात नको? कुंपणावर वाळत घातलं होतं. त्या कावळ्यानं पळवलं."

तिकडून चाचा ओरडले, "आक्का, आज निघायचं का उद्या?"

"तू चहा पी!" हौसाक्का ओरडली. मग बारकीला म्हणाली, "कावळा फडकं देईल, तेव्हा बांधेन."

शेंग उचलली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाभळीखाली गेली. वर कावळा बसला होता. पायात लाल फडकं होतं. शेंग खाली ठेवली.

"कावळेभाऊ, कावळेभाऊ, फडकं द्या.
हौसाक्का फडकं बांधेना,
रोटर खाली बसेना,
साखळी ताठ होईना,
चाचा किल्ली फिरवेनात,
जीप ओढेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू आत, मी बाहेर."

"नाही देत," कावळा म्हणाला.

"नेलंत कशाला?"

"लाल होतं."

"आता द्या."

"तुझ्याकडे काय आहे?"

शेंग होती. समोरच होती. कावळ्यानं ती आधीच बघितली होती.

"शेंग दे. फडकं देतो."

बारकीनं शेंगेकडे बघितलं. शेंग पिल्लाची होती. ट्रॉलीकडे बघितलं. चाक दारावरच होतं.

"देते," बारकी म्हणाली. "पण उसनी."

"उसनी?"

"उसनी. परत द्यायची."

"कधी?"

"चाक हललं की. माझ्या दारात आणून."

"आणि नाही दिली तर?"

"तर उसनी राहील. रोज राहील."

कावळ्याला ते बरं वाटलं नाही. पण शेंग मोठी होती.

"बरं," कावळा म्हणाला. खाली आला. शेंग खाल्ली. कट्.

आता बघा.

कावळ्यानं फडकं सोडलं. फड, फड, फड.

हौसाक्कानं फडकं बांधलं. एक गाठ. तिच्यावर आणखी एक गाठ. मग तिनं रोटरचा दांडा खाली केला.

रोटर खाली बसला. धप्प.

साखळी ताठ झाली. पुढच्या कोपऱ्यांना, मागच्या कोपऱ्यांना. खळ्ळ, खळ्ळ, करकच्च.

चाचांनी साखळी हलवून बघितली. हलली नाही. ट्रॅक्टर हलवून बघितला. तोही हलला नाही. मग चाचांनी चहाचा पेला ठेवला. मग किल्ली फिरवली.

जीपनं ओढलं. घर्रर्र.

चाक हललं. गुडुक.

दार उघडलं.

पिल्लू आत, बारकीपण आत.

"आई, शेंग?" पिल्लू म्हणालं.

बारकीच्या तोंडात शेंग नव्हती.

"येतेय," ती म्हणाली.

"कुठून?"

"वरून."

पिल्लानं वर बघितलं. वर काही नव्हतं.

तिकडं ट्रॉली खड्ड्यातून गेली. खडाड्! ट्रॉलीच्या फटीत दिवाळीच्या शेंगा अडकल्या होत्या. त्या पडल्या. टप. टप. टप.

कावळा मागोमाग गेला. एक शेंग खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी उचलली आणि थांबला.

इकडं बघितलं. तिकडं बघितलं. कुणी बघत नव्हतं.

तरी ती उसनी होतीच.

कावळा उडाला. बिळापाशी आला. दारात शेंग ठेवली. तोंडात शेंग असली की बोलता येत नाही. आधी ठेवली, मग बोलला.

"फिटली?"

बारकीनं शेंग आत ओढली. पिल्लाला दिली. पिल्लानं फोडली. कट्. आत दोन दाणे होते.

"फिटली," बारकी म्हणाली.