माहुताच्या अर्जातले तूप

विषय : बाळंतिणीस तूप व मांसरस मिळण्याबाबत.
संदर्भ : माहूत सोणक याचा अर्ज.

उपरोक्त अर्जाची हकीगत शास्त्यांनी, म्हणजे विहारातल्या गुरूंनी, भिक्षू पुलिनाला सांगितली. पुलिनाने तुपातले जेवण गळ्यापर्यंत जेवून पोट बिघडवून घेतले होते, आणि आता विहारात कोणीही, अगदी आजारी पडलेल्या एका अशक्त भिक्षूनेही, तुपाला शिवू नये, असा त्याचा आग्रह होता. शास्ते म्हणाले, "पुलिना, हे तू पहिल्यांदा करत नाहीस."

पूर्वीच्या एका जन्मी चंपानगरीत स्थूलबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पाकशाळेचे अधिकारी होते. राजा सकाळी हरणाचे मांस खाई, दुपारी बकऱ्याचे, आणि मधल्या वेळेत चरबीत तळलेले काहीबाही. त्याचे पाय सुजले. वैद्याने मांस, तूप, चरबी बंद केली. राजा समदृष्टीचा होता. आपल्याला नाही ते कोणालाच नाही, मोडेल त्याला सूळ, अशी त्याने दवंडी पिटवली. रिवाज मात्र मोडता येत नव्हता. म्हणून राजाचे ताट पूर्वीसारखेच वाढले जाई. राजा त्याकडे बघून सुस्कारा टाकी आणि ताट श्वानशाळेत जाई. कुत्री गुबगुबीत झाली.

त्याच सुमारास हत्तीशाळेतला माहूत सोणक याची बायको रेवा बाळंत झाली. तिच्या अंगात रक्त नव्हते, अंगावर दूध नव्हते. मुलाने रडणेही सोडले होते. सोणकाचा अर्ज हत्तीशाळेतून वैद्यशाळेत आणि तिथून धर्माधिकाऱ्यांकडे गेला. सोणक स्वतः बोधिसत्त्वांकडे आला.

"काय म्हणाले धर्माधिकारी?"

"विचार चालू आहे म्हणाले. धनी, त्यांचा विचार संपेस्तोवर ती राहायची नाही."

बोधिसत्त्वांनी सुळाचा विचार केला; तो लवकर संपला. त्या दिवसापासून राजाच्या परतलेल्या ताटातले मूठभर मांस आणि चमचाभर तूप, सोबत भात आणि पालेभाजी, रेवाकडे जाऊ लागले. पंधराव्या दिवशी श्वानपालाने कुत्र्यांच्या वतीने तक्रार केली.

राजा गरजला, "ज्यानं माझे पाय गेले, तेच तू तिला चारलंस?"

"चारलं, महाराज. पण ती पंधरा दिवसांत जेवढं खाते, तेवढं आपण एका बैठकीत खात होता. दोष मांसाचा नाही, मापाचा आहे."

राजाने रेवाला बोलावले. ती स्वतःच्या पायांनी आली. कडेवरच्या मुलाने दरबार डोक्यावर घेतला.

"केवढं ओरडतं हे!"

"भूक लागली की ओरडतं, महाराज," रेवा म्हणाली. "पोट भरलं की थांबतं."

राजाने बराच वेळ आपल्या सुजल्या पायांकडे पाहिले. मग दवंडी मागे घेतली आणि स्वतःसाठीही रेवाचेच ताट मागवले. सूज उतरली. कुत्रीही सडपातळ झाली.

तेव्हाचा स्थूलबाहू आजचा पुलिन, रेवा म्हणजे विहारातला तो अशक्त आजारी भिक्षू, आणि पाकशाळेचा अधिकारी मीच होतो, असे शास्त्यांनी सांगितले. किती खावे याचे भान असणे, या गुणाला भोजनातील मात्रज्ञता म्हणतात. दुसऱ्याचे माप आपल्या पोटाने न घेणे हाही तिचाच भाग.

रेवाचे मूल मोठे होऊन माहूत झाले. सोणकाचा अर्ज धर्माधिकाऱ्यांकडे विचाराधीन आहे.